दारू थांबवल्यानंतर जवळचा स्वमदत गट कसा शोधावा आणि तो योग्य आहे हे कसे ओळखावे?

नीलमोहर

नमस्कार. दारू सोडण्यासाठी मी नुकतेच रुग्णालयात राहून उपचार घेतले. दारू एकाएकी बंद केल्यावर शरीराला जो त्रास होतो, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली निभावला आणि आता मी घरी आलो आहे. घरी सोडताना मनोविकारतज्ज्ञांनी औषधे लिहून दिली, पुढील तपासणीची तारीख दिली आणि यापुढे एखाद्या स्वमदत गटात, म्हणजे दारू सोडू पाहणारी माणसे एकमेकांना आधार देतात अशा गटात, नियमितपणे जाण्याला औषधांइतकेच महत्त्व द्यावे, असे सांगितले. त्यांचे म्हणणे मला पटले आहे. दिवस कामात निघून जातो, परंतु ज्या वेळी मी पिण्यास बसत असे ती संध्याकाळची वेळ आता रिकामी झाली आहे, आणि घरातील माणसे शेजारी बसलेली असूनही मला त्या वेळी काय होत असते हे त्यांना समजावून सांगता येत नाही.

अडचण अशी की गट शोधायचा कसा, हेच उमगत नाही. महाजालावर पाहिले तर काही पत्ते सापडतात, पण ती माहिती आजही खरी आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो. एका ठिकाणी दिलेल्या वेळेला गेलो तर दाराला कुलूप होते. त्याच शोधात खासगी व्यसनमुक्ती केंद्रांच्या असंख्य जाहिराती समोर येतात आणि त्यांतील काही तर दारू कायमची सुटण्याची हमी देतात. यांपैकी स्वमदत गट कोणता आणि व्यवसाय म्हणून चालवलेले केंद्र कोणते, हे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?

आणखी काही शंका आहेत. मी शिक्षक आहे, त्यामुळे बैठकीत एखादा विद्यार्थी किंवा पालक भेटला तर काय होईल ही भीती मनातून जात नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या अशा गटांच्या जगभरातील संघटनेच्या बैठकीत प्रार्थना होते असे ऐकले आहे, माझा ईश्वरावर विश्वास नाही आणि नुसती मान डोलावत तेथे बसणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माझी पत्नी सोबत येऊ इच्छिते, ते चालते का? आणि जवळपास एकही गट नसेल तर माणसाने काय करावे? ज्यांना या मार्गाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तरायण

नमस्कार नीलमोहर. मी बऱ्याच वर्षांपासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा सदस्य आहे. आम्ही त्याला नुसते ‘एए’ म्हणतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो की मी संघटनेच्या वतीने बोलत नाही, कारण तसे बोलण्याचा अधिकार कोणाही एका सदस्याला नसतो. मी फक्त जे पाहिले आणि जे उपयोगी पडले तेवढे सांगत आहे.

शोधाची सुरुवात महाजालापासून न करता ज्या रुग्णालयात आपले उपचार झाले तेथून करावी, असे मला वाटते. व्यसनांवर उपचार करणाऱ्या बहुतेक विभागांत समाजसेवक किंवा समुपदेशक असतात, आणि एएचे सदस्य रुग्णालयांत व तुरुंगांत जाऊन बैठका घेतात ही या चळवळीची जुनी पद्धत आहे, त्यामुळे कोणत्या भागात कोणता गट खरोखर चालू आहे हे त्या समाजसेवकांना सहसा ठाऊक असते. तेथे माहिती मिळाली नाही तर एएच्या अधिकृत संकेतस्थळावर निरनिराळ्या देशांतील सेवा कार्यालयांची माहिती आहे; आपल्या देशाच्या कार्यालयाकडून आपल्या भागातील ‘इंटरग्रुप’चा, म्हणजे अनेक गटांनी मिळून चालवलेल्या स्थानिक कार्यालयाचा, दूरध्वनी क्रमांक मिळतो. तो फोन उचलणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः दारूतून बाहेर पडलेली असते. त्यामुळे आपण अडखळलो, मध्येच थांबलो, तरी समोरच्याला अवघडल्यासारखे होत नाही.

फोनवर पत्ता आणि वेळ विचारून थांबू नये. ही बैठक गेल्या आठवड्यात भरली होती का, ती कोणत्या भाषेत चालते, ती खुली (कोणालाही येता येईल अशी) आहे की बंद (फक्त दारू थांबवू इच्छिणाऱ्यांसाठी), हे विचारावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘मी पहिल्यांदाच येत आहे, कोणी दाराशी भेटेल का’ असे अवश्य विचारावे. अनोळखी दार एकट्याने ढकलून आत जाणे किती कठीण असते हे तेथील प्रत्येकाला माहीत असते, आणि हा प्रश्न विचारल्यावर नकार मिळाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. कुलूप पाहून परत फिरण्याची वेळही यामुळे येत नाही.

आता स्वमदत गट आणि केंद्र यांतील फरक. एएच्या बारा परंपरा, म्हणजे गट कसे चालावेत याची तत्त्वे, १९५० साली क्लीव्हलँड येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय संमेलनात स्वीकारल्या गेल्या आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. तिसरी परंपरा सांगते की दारू पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. सहावीनुसार कोणत्याही रुग्णालयाला, केंद्राला किंवा संस्थेला एएचे नाव वापरू दिले जात नाही. सातवीनुसार प्रत्येक गट स्वतःच्या सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीवरच चालतो आणि बाहेरून देणगी घेत नाही. म्हणून, ‘आमचे केंद्र एएचेच आहे’ असे कोणी म्हणत असेल, प्रवेशशुल्क मागत असेल, ओळखपत्र मागून नोंदवहीत नाव लिहून घेत असेल किंवा दारू सुटण्याची हमी देत असेल, तर ते आणखी काहीही असो, एएचा गट नव्हे. निवासी केंद्रे असूच नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. चांगल्या केंद्रांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत. परंतु केंद्र हा काही आठवड्यांचा उपचार असतो आणि गट ही त्यानंतरच्या आयुष्याची सोबत असते. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. बैठकीत टोपी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो जमेल तेवढे टाकतो. नवागताने काहीही न टाकता तो पुढे द्यावा. कोणी पाहतही नाही.

चौथ्या परंपरेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण नवे लोक गळतात ते बहुधा हीच गोष्ट ठाऊक नसल्यामुळे. प्रत्येक गट स्वायत्त असतो. त्यामुळे एका गटात बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूतून बाहेर पडण्यासाठी एएने सांगितलेल्या टप्प्यांपैकी, एकेका पायरीवर वाचन आणि चर्चा होते, दुसऱ्यात एकच सदस्य तासभर स्वतःची कहाणी सांगतो, तिसऱ्यात सर्व जण आळीपाळीने दोन-चार मिनिटे शेअरिंग करतात, म्हणजे आपला अनुभव सांगतात. कोठे वयस्कर माणसे अधिक, कोठे तरुण. कोठे वातावरण गंभीर, तर कोठे माणसे इतकी मोकळेपणाने हसतात की नवा माणूस चकित होतो. एका बैठकीत मन रमले नाही म्हणून ‘एए माझ्यासाठी नाही’ असा निर्णय घेणे म्हणजे एका शिक्षकाचा एक तास पाहून शिक्षणच सोडून देण्यासारखे आहे. शक्य असेल तर निरनिराळ्या तीन-चार गटांत जाऊन बसावे आणि मग त्यांतील एकाला आपला ‘होम ग्रुप’ मानून तेथे दर आठवड्याला न चुकता जावे.

चांगला गट मी कशावरून ओळखतो? तेथे दहा-पंधरा वर्षे सोबर, म्हणजे दारूपासून दूर, असलेली माणसे असतात आणि काल-परवा आलेलीही असतात. नुसतेच जुने किंवा नुसतेच नवे असतील तर मला काळजी वाटते. बोलणारा स्वतःविषयी बोलतो, दुसऱ्याला उपदेश करत नाही आणि कोणाचे बोलणे मध्येच तोडले जात नाही. बैठक संपल्यावर माणसे लगेच पांगत नाहीत, नवागताजवळ दोघे-तिघे आपणहून येतात. याउलट, एखादी व्यक्ती गट स्वतःच्या मालकीचा असल्यासारखी वागत असेल, एखादा जुना सदस्य नव्या स्त्री सदस्यांशी अवाजवी सलगी करत असेल, किंवा कोणी उसने पैसे मागत असेल, तर तो गट सोडून दुसऱ्या गटात जाण्यास अजिबात संकोच करू नये.

ओळखले जाण्याच्या भीतीविषयी. बंद मीटिंगमध्ये फक्त ज्यांना दारू थांबवायची आहे असेच लोक बसतात. तेथे आपला विद्यार्थी किंवा पालक भेटला तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल आणि आपण त्याचे गुपित राखावे अशी त्याचीही अपेक्षा असेल. येथे ऐकलेले येथेच ठेवावे हा नियम कायद्याने बांधलेला नसून परस्परांच्या गरजेवर टिकलेला आहे, आणि माझ्या अनुभवात तो विलक्षण काटेकोरपणे पाळला जातो. तरीही मन धजावत नसेल तर सुरुवातीला थोड्या दूरच्या भागातील बैठकीला जावे. तेथे आडनाव सांगावे लागत नाही, व्यवसायही सांगावा लागत नाही.

जवळ गट नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला ऑनलाइन बैठकांचा. एएचा ‘ऑनलाइन इंटरग्रुप’ जगभरातील अशा बैठकांची भाषावार आणि वेळेनुसार सूची ठेवतो आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी एखादी तरी बैठक चालू असते. दुसरा मार्ग अधिक धीराचा आहे. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यासक्त माणसे एकत्र जमली आणि त्यांनी गट म्हणून दुसऱ्या कशाशी बांधिलकी ठेवली नाही, तर ते स्वतःला एएचा गट म्हणवू शकतात. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर व्यवसायातील माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, असे दोघेच एकमेकांशी बोलत बसले आणि स्वतः पिऊ नये म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची गरज होती; एएचा आरंभ तेवढाच आहे. अर्थात, नुकतेच घरी आलेल्या माणसाने एकट्याने गट उभारू नये. आधी ऑनलाइन बैठकांत स्थिरावावे, एखाद्या अनुभवी सदस्याची साथ मिळवावी आणि मग त्या दिशेने पाहावे.

तर्कनिष्ठ

उत्तरायण यांनी बहुतेक सर्व सांगितले आहे. मी फक्त ईश्वराच्या मुद्द्यावर लिहितो, कारण मीही नास्तिक आहे आणि याच कारणासाठी बराच काळ गटांपासून दूर राहिलो होतो.

बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे हे खरे आहे आणि तो नाही असे भासवणे योग्य नव्हे. त्याच पायऱ्यांत ‘स्वतःला उमगेल तसा’ अशी मुभाही दिलेली आहे, आणि अनेक अश्रद्ध सदस्य गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून पुढे जातात. काही ठिकाणी अज्ञेयवादी आणि निरीश्वरवादी सदस्यांचे स्वतंत्र एए गट आहेत, तेथे प्रार्थना होत नाही. इंटरग्रुपला फोन कराल तेव्हा हेही विचारून घ्यावे. असा गट नसेल तर प्रार्थनेच्या वेळी स्तब्ध उभे राहण्यात कोणताही खोटेपणा नाही. कोणी आपल्याकडून श्रद्धेची कबुली घेत नाही.

एएव्यतिरिक्तचे मार्गही माहीत असावेत. ‘स्मार्ट रिकव्हरी’ ही संस्था १९९४ सालापासून काम करते. तिची पद्धत बोधात्मक वर्तनोपचारावर, म्हणजे विचार, भावना आणि वर्तन यांचा संबंध तपासून सवय बदलण्यावर, आधारलेली आहे. सोडण्याची प्रेरणा टिकवणे, तलफ हाताळणे, विचार-भावना-वर्तन सांभाळणे आणि संतुलित जीवन घडवणे, अशा चार अंगांनी तेथे काम होते. बैठक प्रशिक्षित व्यक्ती चालवते, ती स्वतः व्यसनातून गेलेली असतेच असे नाही, आणि सदस्य एकमेकांशी थेट चर्चा करतात, जे एएच्या बैठकीत सहसा होत नाही. तलफ केव्हा आली, किती तीव्र होती, कशामुळे आली आणि त्या वेळी मी काय केले याची नोंद ठेवण्याची तेथील सवय मला सर्वाधिक उपयोगी पडली. काही आठवड्यांत माझ्याच वहीतून मला दिसू लागले की बहुतेक वेळा तलफेच्या आधी कोणाशी तरी झालेला वाद असतो. स्त्री वाचकांसाठी सांगतो की ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ साली सुरू केलेली, केवळ स्त्रियांसाठी असलेली संस्थाही आहे. या दोन्हींच्या ऑनलाइन बैठका होतात.

तथापि एका तर्कनिष्ठ माणसाने पुराव्याकडेही पाहिले पाहिजे. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांहून अधिक व्यक्तींवरील संशोधनाचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ठरवून दिलेल्या पद्धतीने रुग्णांना एएशी जोडून देणारे उपचार हे सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत बोधात्मक वर्तनोपचारासारख्या अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, आणि पिण्याचे प्रमाण व परिणाम यांसारख्या अन्य निकषांवर साधारणपणे त्यांच्या बरोबरीने उतरले. माझा अर्थ इतकाच की आपल्या आवाक्यात फक्त एएचा गट असेल तर तात्त्विक मतभेदापायी संध्याकाळ एकट्याने काढू नये. मी आज दोन्हीकडे जातो आणि दोन्हीकडे माझे मत सर्वांना ठाऊक आहे.

अबोली

पत्नीविषयी आपण विचारलेत म्हणून लिहिते. माझे यजमान एएमध्ये आहेत आणि मी अल-ॲनॉनमध्ये, म्हणजे कुटुंबीयांसाठीच्या गटात, जाते.

एएच्या खुल्या मीटिंगला कोणीही येऊ शकते, त्यामुळे एखाद्या खुल्या बैठकीला आपण दोघे अवश्य जावे. आपला पती कोणत्या माणसांत बसणार आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पत्नीच्या मनातील निम्मी धास्ती उतरते. बंद मीटिंगला मात्र आपण एकट्यानेच जावे. पत्नी शेजारी बसलेली असताना माणूस नकळत तिला बरे वाटेल असेच बोलतो, आणि ज्या गोष्टी बोलून मोकळे व्हायचे असते त्या पोटातच राहतात.

आपल्या पत्नीसाठी स्वतंत्र जागा आहे आणि ती त्यांनी शोधावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी आणि मित्रांसाठी अल-ॲनॉन १९५१ साली सुरू झाले. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस या त्याच्या संस्थापकांपैकी एक. किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून ‘अलाटीन’ आहे. घरातील माणूस पिणे थांबवतो तेव्हा सर्व जण त्याच्याकडे पाहतात, परंतु इतकी वर्षे रात्री दाराकडे कान लावून बसलेल्या बाईचा जीव एका दिवसात शांत होत नाही. ती बाटल्या शोधत राहते, श्वासाचा वास घेत राहते, उशीर झाला की हादरते. अल-ॲनॉनमध्ये मला प्रथम हे ऐकायला मिळाले की हे व्यसन मी निर्माण केलेले नाही, मी ते ताब्यात ठेवू शकत नाही आणि मी ते बरे करू शकत नाही. हे वाक्य स्वीकारायला मला पुष्कळ काळ लागला, पण त्यानंतर आमच्या घरातील चौकशा थांबल्या. तेथे नवागतांना किमान सहा बैठकांना येऊन मगच मत बनवा असे सुचवतात. ती सूचना त्यांनी जरूर पाळावी, कारण पहिल्या एक-दोन बैठकांत केवळ रडू येते.

आपण मीटिंगहून घरी आल्यावर ‘आज काय बोललात’ असे त्यांनी विचारू नये आणि आपणही त्यांच्या मीटिंगबद्दल विचारू नये. एवढे पथ्य दोघांनी पाळले तर पुष्कळ.

नीलमोहर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. रुग्णालयातील समाजसेविकेकडून इंटरग्रुपचा क्रमांक मिळाला. फोन लावला तेव्हा समोरच्या गृहस्थांनी माझी कसलीही चौकशी न करता बैठकीची वेळ सांगितली आणि एक सदस्य फाटकाशी थांबतील असे कबूल केले. पत्नीने अल-ॲनॉनची ऑनलाइन बैठक पाहण्याचे ठरवले आहे.

दोन प्रश्न राहिले. माझ्या एका परिचिताला गटातील कोणीतरी सांगितले होते की गोळ्या घेणारा माणूस खऱ्या अर्थाने सोबर नसतो, आणि त्याने औषधे बंद केली. हे बरोबर आहे का? दुसरे विचारताना जड जाते, परंतु विचारतो. उद्या माझ्याकडून पुन्हा पिणे झाले तर त्या दारातून मला परत आत जाता येईल का?

मनोवैद्य

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. येथे कोणाचेही वैयक्तिक निदान करता येणार नाही, परंतु आपल्या दोन्ही प्रश्नांशी निगडित काही गोष्टी ठामपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

औषधे गटातील कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. दारूच्या व्यसनात प्रामुख्याने तीन औषधे वापरली जातात. नाल्ट्रेक्झोन दारूतून मिळणारे सुख आणि तलफ कमी करते. अकॅम्प्रोसेट पिणे थांबवल्यानंतर ती स्थिती टिकवण्यास मदत करते. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने थोडी जरी दारू प्यायली तरी चेहरा लाल होणे, उलट्या आणि धडधड असा तीव्र त्रास होतो, आणि गोळी बंद केल्यानंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. जेवणात लपवून देणे घातक आहे. काही जणांना सोबत नैराश्याची किंवा अन्य आजाराची औषधेही चालू असतात, आणि ती अचानक थांबवल्याने आजार उलटण्याचा धोका असतो. एएच्या स्वतःच्या अधिकृत साहित्यातही कोणा सदस्याने डॉक्टरची भूमिका घेऊ नये असे स्पष्ट म्हटलेले आहे, तेव्हा आपल्या परिचिताला मिळालेला सल्ला त्या एका व्यक्तीचा होता. त्यांनी आपल्या डॉक्टरांना लवकरात लवकर भेटावे.

पुन्हा पिणे झाले तर काय, याचा वैद्यकीय भाग असा. काही काळ दारू बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते, त्यामुळे पूर्वीएवढीच दारू या वेळी अधिक घातक ठरू शकते. पिणे पुन्हा काही दिवस चालू राहिले असेल तर ते घरच्या घरी एकदम तोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हातांना कंप, घाम आणि बेचैनी सुरू होते, झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात, आणि भ्रम, स्थळकाळाचे भान हरपणे, ताप व तीव्र थरथर ही जीवघेणी अवस्था सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसांच्या दरम्यान उद्भवते. प्रत्येक वेळच्या अशा खंडानंतर पुढील वेळचा त्रास वाढत जाण्याची प्रवृत्ती असते, म्हणून ‘मागच्या वेळी निभावले’ यावर विसंबू नये. झटका, भास किंवा गोंधळलेपण दिसताच रुग्णालय गाठावे. गट कितीही चांगला असला तरी हे काम गटाचे नाही. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, डॉक्टरांनी दिले असेल तर तेही किरकोळ समजून सोडू नये. त्याच्या अभावाने मेंदूला होणारी इजा कायमची ठरू शकते.

उत्तरायण

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. होय, परत येता येते. दारू थांबवण्याची इच्छा ही एकच अट आहे आणि पुन्हा प्यायलेल्या माणसाजवळ ती इच्छा नसते असे कोणीही मानत नाही. आमच्या गटात आज जे आधारस्तंभ आहेत त्यांतील कित्येक जण घसरून परत आलेले आहेत. प्यायलेल्या अवस्थेत आलेल्या माणसालाही बहुतेक गट बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका असे सांगतात. स्लिप झाल्यावर, म्हणजे पुन्हा पिणे झाल्यावर, लाज इतकी दाटते की माणूस नेमका गटालाच टाळू लागतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली काळजी घेऊन शक्य तितक्या लवकर यावे आणि झाले ते तसेच सांगावे.

पहिल्या दिवसासाठी एक-दोन गोष्टी. बोलण्याची पाळी आली तर नुसते पहिले नाव सांगून ‘आज मी फक्त ऐकणार आहे’ असे म्हटले तरी पुरते. ‘मी मद्यासक्त आहे’ असे म्हणण्याची सक्ती नसते. स्पॉन्सर, म्हणजे बारा पायऱ्यांतून सोबत नेणारा अनुभवी सदस्य, पहिल्याच आठवड्यात निवडण्याची घाई नको. शक्यतो पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला स्पॉन्सर करावे ही रीत मला योग्य वाटते. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असे आमच्याकडे म्हणतात. तो नियम नाही, पण सुरुवातीच्या काळात रोज एक मीटिंग, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, आणि शक्यतो आपण सांगितलेल्या त्या संध्याकाळच्याच वेळी, असे जमवता आले तर पाहावे.

बैठक संपल्यावर लगेच निघू नका. निदान तिघांचे फोन क्रमांक घ्या आणि त्यांतील एकाला दुसऱ्याच दिवशी, तलफ आलेली नसताना, फोन करा. जो क्रमांक साध्या दिवशी एकदा लावून झालेला असतो, तोच अवघड रात्री लावण्यास हात धजतो.